ओठ पाहावेत ते कशासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. भाषणाचा मला सराव नाही. तरी आपण आग्रहाने उभे केलेत, म्हणून चार शब्द बोलते. विषय आहे ओठांचा. हसू नका! मुलगी दाखवताना आपण तिचे ओठ काळे की लाल हे पाहतो; पण ते निरोगी आहेत का, हे कोणी पाहत नाही.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या खालच्या ओठाला आतून पांढरा चट्टा उठला. दुखत नव्हता, म्हणून त्या कोणाला बोलल्या नाहीत. मला कळल्यावर मी त्यांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी कसे तपासले ते मी नीट पाहून ठेवले. आधी चूळ भरायला लावून ओठ पुसायला सांगितले. मग खिडकीच्या उजेडात मिटलेले ओठ आणि तोंडाचे कोपरे पाहिले. दोन्ही ओठ उलटून आतली बाजू पाहिली. बोटांच्या चिमटीत ओठ धरून कुठे कठीण गाठ लागते का ते चाचपले. शेवटी हनुवटीखालीही हात फिरवला. यातले पाहणे आणि चाचपणे आपल्यालाही आरशासमोर जमते.

त्या म्हणाल्या, ओठांची कातडी फार पातळ, म्हणून खालच्या रक्ताचा रंग वर दिसतो. कोणाचे ओठ जन्मतःच सावळे असतात; तो रोग नव्हे, त्यासाठी मलमे नकोत. आपला नेहमीचा रंग बदलला का, एवढे पाहावे. फिकट पडले तर अंगात रक्त कमी असू शकते. ते तपासून घ्यावे. निळसर दिसले आणि धाप लागत असेल, किंवा ओठ एकाएकी सुजून श्वास कोंडू लागला, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

तोंडाचे कोपरे चिरत असतील तर लोह किंवा ब जीवनसत्त्व कमी पडत असेल. म्हाताऱ्या माणसांत लाळ साचूनही तसे होते. ओठ फुटले की आपण जिभेने ओले करतो, त्याने ते अधिकच सुकतात. त्यापेक्षा थोडे साजूक तूप लावावे. नवी लिपस्टिक किंवा टूथपेस्ट सुरू केल्यावर खाज सुटली तर ती बंद करावी. ओठांवरचे बारीक पिवळसर ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. पण पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा घोस आला असेल तर तो संसर्गाचा असतो. तो बरा होईपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. जाऊबाई तीस वर्षे मिश्री लावत होत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही. पण असा चट्टा पुढे त्या वाटेला जाऊ शकतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. जाऊबाईंनी मिश्री सोडली. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. मिश्रीवाचून पोट साफ होत नाही, अशी त्यांची समजूत होती. सकाळी कोमट पाणी पिऊन त्यांनी दिवस काढले. आता त्या नेमाने तपासायला जातात.

आपल्यातही मिश्री लावणाऱ्या आहेत. मी कोणाला नावे ठेवत नाही. आपल्या आया-आज्या लावत आल्या. पण सुपारीसुद्धा, तंबाखूवाचून, कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले आहे. हळदीकुंकवाला विडा देताना याचा विचार व्हावा.

पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, अथवा न भरणारी जखम दोन आठवड्यांवर राहिली, तर ती दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवावी. तोंड पूर्ण उघडत नसेल तरीही दाखवावे. "एवढ्याशा ओठासाठी खर्च कशाला?" असे घरचे म्हणतील, तर शेजारणीला सोबत घ्या. मंडळ आहे ते याचसाठी.