लेकरासाठी पहिलं मेटल डिटेक्टर घेताना

नाकाडोंगरी परिसरातल्या बचत गटांतर्फे आम्ही तुमच्याशी बोलत आहोत.

मोबाइलवर जमिनीतून नाणी काढणारे व्हिडिओ पाहून लेकरं मेटल डिटेक्टरचा हट्ट धरतात. गटाच्या बैठकीत बाया विचारतात, घ्यावं का? घ्यावं, पण पारखून.

लेकरू सहा-सात वर्षांच्या आतलं असेल, तर यंत्राची घाई नको. काठीला बांधलेला मोठा लोहचुंबक पुरे. अंगणात फिरवला की खिळे, तारा चिकटतात. मात्र आपल्या भंडाऱ्याचं प्रसिद्ध पितळ त्याला चिकटत नाही, तांबंही नाही. हा फरक कळला, की लेकरू यंत्रासाठी तयार झालं समजा. यंत्राच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज वाहते आणि खाली कोणताही धातू आला, की आवाज होतो. पितळही वाजतं.

आता निवड कशी करायची? पहिलं म्हणजे वजन. लेकराला दुकानात न्या आणि पाच मिनिटं यंत्र डावीकडे-उजवीकडे फिरवू द्या. हात दुखला, तर ते त्याचं नाही. दुसरं, दांडा लहान-मोठा करता आला पाहिजे. ताठ उभं राहून चकती जमिनीला टेकायला आली पाहिजे. तिसरं, बटणं दोन-तीनच असावीत. चौथं, नाणं, पितळी कडी आणि खिळा सोबत न्या आणि तिन्हींवर फिरवून पाहा. फार खोलवर शोधतं, या जाहिरातीला भुलू नका. छोट्या यंत्राला नाणं साधारण चार-सहा इंचांवर कळतं. लोहखनिज असलेल्या मातीत ते उगाचही वाजतं. म्हणून संवेदनशीलता कमी-जास्त करायचं बटण आपल्याकडे हवंच.

खेळणं म्हणून विकत असतील, तर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर ते सक्तीचं आहे. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारं घ्या. बटणासारखी चपटी बॅटरी लेकरानं गिळली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. छोटे, जोरदार चुंबकही तसेच घातक. दोन गिळले, तर आतड्यात एकमेकांना ओढून भोक पाडतात. असं काही झालं, तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

खोदताना बूट आणि खुरपी हवी. गंजका खिळा लागू शकतो, म्हणून पाच-सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा धनुर्वाताचा डोस झालाय का, ते पाहा. खड्डा परत बुजवायचा. दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय जायचं नाही. डोंगरी बुजरुक आणि चिखला इथल्या मॅंगनीजच्या खाणींकडे तर अजिबात नाही. ओळख न पटणारी वस्तू दिसली, तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं.

आता खरी गोष्ट. यंत्र घरात आलं, की मोठ्यांच्याच डोळ्यांत गुप्तधन चमकू लागतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जुन्या वास्तूंच्या जागी तर खणायचंच नाही. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आले. कोणत्या थरात काय सापडलं, यावरूनच तिथला काळ कळतो. कोणी एक नाणं उपसून नेलं, तर तो पुरावाच जातो.

आणि गुप्तधन काढून देतो म्हणणारा कोणी बुवा दारात आला, तर लक्षात ठेवा. अशा नावाखाली अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पोलिसांना कळवा. जमिनीत काय आहे, ते मंत्रानं कळत नाही, धातू असेल तर यंत्र सांगतं. आणि बहुतेक वेळा ते खिळे, टिकल्या आणि बाटल्यांची झाकणंच सांगतं, हे लेकरानं स्वतःच्या हातानं अनुभवलं, की त्याला कोणी सहज फसवू शकणार नाही. आमच्या मते या यंत्राची खरी किंमत हीच.

प्रत्येकीनं वेगळं घ्यायची गरज नाही. गटानं मिळून एक घ्यावं आणि रविवारी पाळीपाळीनं वापरावं. लेकरांनी काय सापडलं, ते वहीत लिहावं: कुठे, किती खोल, कोणता धातू. भंगार विकून आलेले पैसे गटाच्या डब्यात टाकावे.