पेश्टिगोची पाटी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅरिनेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथल्या पेश्टिगो गावच्या दफनभूमीत एक इतिहासफलक उभा आहे, १९५१ सालचा. राज्याने अधिकृतपणे लावलेला हा पहिलाच. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री सतराशे वस्तीचं हे गाव वणव्यात नाहीसं झालं, असं तो सांगतो. आणि दुसऱ्याच वाक्यात शिकागोचं नाव घेतो. कारण शिकागो त्याच रात्री पेटलं होतं. तिथे माणसं गेली तीनेकशे, इकडे सगळा टापू धरला तर निदान बाराशे. तरी गवगवा शिकागोचाच झाला. ऐंशी वर्षांनी लागलेल्या पाटीलाही ‘आमचं त्यांच्याहून मोठं’ हे आधी सांगावं लागलं!

इथला लाकडी सामानाचा कारखाना देशात सर्वांत मोठा होता, हेही पाटीवर आहे. बादल्या, टब, झाडूचे दांडे, कपड्यांचे चिमटे तिथे बनत. मालक विल्यम ऑग्डेन, म्हणजे शिकागोचेच पहिले महापौर. त्या रात्री त्यांचं दोन्हीकडे नुकसान झालं. पण रान एवढं भडकलं कशाने, यावर पाटी गप्प आहे. पाइनची झाडं पाडायची, सरळसोट खोड तेवढं न्यायचं आणि शेंडे, फांद्या, साली जागीच टाकायच्या, ही तिथली लाकूडतोडीची रीत. त्या वर्षी उन्हाळाभर पावसाने दडी मारलेली. रेल्वेवाले मार्गासाठी आणि शेतकरी शेतासाठी झाडोरा जाळतच होते. गावच्या रस्त्यांवर लाकडाचा भुसा, कडेच्या पायवाटा फळ्यांच्या. एवढी तयारी असल्यावर फक्त वारा सुटायचा बाकी होता. मला विचाराल तर पाटीवर एक ओळ या टाकून दिलेल्या फांद्यांची हवी होती.

त्या रात्रीची हकिकत पीटर पर्निन या पाद्र्यांनी लिहून ठेवली आहे. ते आणि इतर अनेक जण कितीतरी तास नदीत उभे होते. पाण्याबाहेर राहील ते भाजत होतं, म्हणून सगळे सारखे डोक्यावर पाणी मारत होते. एक बाई ओंडक्याला धरून होती. भेदरलेल्या गाईने तो उलटवला आणि बाई पाण्याखाली गेली. संपलीच, असं पर्निनना वाटलं. तोच ती वर आली, एका हाताने गाईचं शिंग पकडून, दुसऱ्याने डोक्यावर पाणी मारत.

तारा जळाल्यामुळे राजधानी मॅडिसनला बातमी पोहोचायला दोन दिवस लागले. तोवर गव्हर्नर शिकागोच्या मदतीला निघून गेले होते. मग त्यांच्या पत्नी फ्रान्सिस फेअरचाइल्ड यांनीच कारभार हाती घेतला आणि शिकागोसाठी भरलेला रेल्वेचा डबा उत्तरेकडे वळवायला लावला. त्यात ब्लँकेटं नव्हती. ती त्यांनी मॅडिसनच्या बायकांकडून, घरोघरच्या अंथरुणांतली, गोळा करून पाठवली.