शिष्यवृत्तीचा अर्ज आणि समाजाचे ऋण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी आधी गुणांचा हिशेब होतो आणि पाठोपाठ पैशांचा. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळणार असतो. पण शुल्काचा आकडा ऐकून वडील गप्प होतात, आई पाटल्या काढून ठेवते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, असे मात्र घरात कोणी म्हणत नाही. ‘कुणापुढे हात पसरायचा नाही’ हा मध्यमवर्गीय बाणा आडवा येतो. बाणा योग्यच आहे. परंतु शिष्यवृत्ती म्हणजे भिक्षा नव्हे.

स्वातंत्र्यवीर सावरकर १९०६ साली लंडनला गेले ते अर्ज करूनच. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी जाहीर केलेल्या शिवाजी शिष्यवृत्तीसाठी त्यांनी अर्ज केला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांची शिफारस केली. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही, अशी अट होती. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याने कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांनी करून दिला होता. एकीकडे नोकरी न करण्याची अट, दुसरीकडे करण्याची. दोन्हीकडे भाव एकच होता : समाज देतो, घेणारा कर्तव्याने बांधला जातो. बाबासाहेब करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. पण अस्पृश्यतेपायी त्यांना तिथे राहायला जागाही मिळेना. शब्द मोडला तो समाजाने. हे शल्य हिंदू समाजाने विसरू नये.

आज मार्ग पुष्कळ आहेत. उणीव आहे ती माहितीची आणि वेळेच्या भानाची. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातील कुटुंबांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतील पात्र मुलींना ही सवलत १०० टक्के आहे. घर सोडून शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की शुल्काची सवलत हातची जाते. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा, बँक खाते आधारशी जोडलेले असावे. ‘महाडीबीटी’वरील अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी सवलत मिळाली आणि दुसऱ्या वर्षी अर्ज राहून गेला, की सारा भार पुन्हा घरावर पडतो.

कर्जाचा विचार त्यानंतर करावा. २०२४ साली मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. परंतु कर्ज फेडावे लागते. ज्या शुल्कात सवलत मिळू शकते, त्यासाठी कर्ज काढणे हा व्यवहार नव्हे.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. वस्तीत बारावीला कोण आहे, कुणाच्या घरी दाखल्यासाठी धावपळ करणारे कोणी नाही, हे कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. जून-जुलैत आठवड्यातील दोन संध्याकाळी एखाद्या कार्यालयात संगणक घेऊन बसणे, हीसुद्धा राष्ट्रसेवाच आहे. तिथे येणाऱ्याची जात विचारावी ती योग्य योजना सांगण्यापुरतीच.

एकेकाळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात घरांनी सात दिवस वाटून घेतले की एका मुलाचे शिक्षण होई. त्यात कोणी याचक नव्हता. तो समाजाने आपल्या उद्यासाठी उचललेला वाटा होता. म्हणून विद्यार्थ्याने मान ताठ ठेवून अर्ज भरावा, उत्पन्न खरे लिहावे आणि मिळवता झाल्यावर किमान एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. हे ऋण फेडण्याची रीत हीच.