रात्रीच्या विजेचा हिशेब

भुसावळहून नागपूरच्या रस्त्यानें निघालें कीं थोड्याच वेळांत दीपनगरचीं उंच धुराडीं दिसूं लागतात. तेथील औष्णिक केंद्रांत 500 मेगावॉटचे दोन मोठे संच आहेत. आगगाडीनें आलेला कोळसा तेथें जळतो व त्याची वीज मनोऱ्यांवरील तारांतून दूरदूर जाते. परंतु या सर्व वैभवांत एक वस्तु नाहीं. ती म्हणजे कोठी. ज्या क्षणीं वीज निर्माण होते त्याच क्षणीं ती कोठें तरी खर्ची पडावी लागते. मागणी वाढली कीं संच जोरानें चालवावयाचे, उतरली कीं मंद करावयाचे, हा तेथील इंजिनियरांचा अहोरात्र उद्योग होय. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें 2013 सालीं महानिर्मितीचें मोठें सौर केंद्र उभें राहिलें. सूर्य मावळला कीं त्याचेंहि काम थांबतें. शहरांतील गृहस्थ निःशंकपणें बटण दाबतो. कारण रात्रीची तरतूद त्याच्या वतीनें दुसरे कोणी करीत असतात.

सातपुड्याच्या पायथ्याशीं मळ्यांत दूर बांधलेल्या एकाद्या घरीं जेथें तार पोंचलेली नसते, तेथें मात्र हा उद्योग घरधन्यालाच करावा लागतो. जळगांव-धुळ्याच्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांचें असें एकादें घर असतें, व तेथें वडील माणसें राहत असतात. उन्हावर चालणारी वीज बसवावी असें मुलें ठरवितात, दुकानांत जाऊन "एक किलोवॅटची सोलर" मागतात, आणि पहिला उन्हाळा सुखानें जातो. विघ्न येतें तें श्रावणाच्या झडींत. तीन दिवस सूर्य दिसत नाहीं, दुसऱ्या रात्रीं पंखा मंदावतो, तिसऱ्या रात्रीं काळोख होतो. असें वारंवार घडलें म्हणजे दोन वर्षांत बॅटरी निकामी होते आणि कर्जाचे हप्ते तेवढे शिल्लक राहतात. दोष सूर्याचा नसतो. दोष मापाचा असतो.

हें माप समजण्यास मोट आणि हौद आठवावे. सौर फलक म्हणजे मोट, बॅटरी म्हणजे हौद, आणि बॅटरीची वीज घरच्या उपकरणांना चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर म्हणजे हौदाचें तोंड. एका वेळीं किती पाणी बाहेर पडेल हें तोंडाच्या रुंदीवर ठरतें. तें किती वेळ पुरेल हें हौदाच्या पोटावर ठरतें. पहिलें माप वॅटचें, दुसरें वॅट-तासांचें. हीं दोन मापें एकच समजणें ही या व्यवहारांतील सर्वांत महाग चूक होय.

आतां एका लहान घराचा हिशेब मांडावा. 9 वॅटचे चार दिवे पांच तास जळले तर 180 वॅट-तास लागतात. 75 वॅटचे दोन पंखे आठ तास फिरले तर 1200. दूरदर्शनचा 60 वॅटचा संच तीन तास चालला तर 180. मोबाइल फोनांसाठीं 40, आणि 500 वॅटचें मिक्सर सहा मिनिटें चाललें तर 50. एकूण बेरीज 1650 झाली. हिच्यांत पंख्यांचाच वांटा पाउणपट आहे. त्याच ठिकाणीं नव्या, चुंबकी मोटरीचे 30 वॅटचे पंखे बसविले तर पंख्यांचा खर्च 480 वर येतो व बेरीज 930 होते. म्हणून हौद बांधण्यापूर्वीं गळती पाहावी. पंख्यांवर जे चार पैसे जास्त पडतात, ते बॅटरींत वाचतात.

बेरजेवर व्यवस्थेचा स्वतःचा खर्चहि धरावा लागतो. शंभर भाग वीज घेतली तर इन्व्हर्टर सुमारें 85 भाग परत देतो. म्हणजे 930 साठीं सुमारें 1100 लागतात. शिवाय कांहीं काम नसतांहि तो जागा राहण्यासाठीं वीज खातो. ती केवळ 10 वॅट धरली तरी चोवीस तासांत 240 होते. अशा रीतीनें रोजची खरी गरज सुमारें 1350 वॅट-तासांवर जाते. ढगाळ दिवसांसाठीं दोन दिवसांचा सांठा ठेवावयाचा तर 2700 हवे.

परंतु हौद तळापर्यंत उपसावयाचा नसतो. शिशाची बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1859 सालीं बनविली. तेव्हांपासून तिचा स्वभाव बदललेला नाहीं. ती फार रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण कण बसतात व तिची शक्ति कायमची घटते. म्हणून तिच्यांतील निम्मा सांठा राखून ठेवणें शहाणपणाचें. यामुळें 2700 साठीं 5400 वॅट-तासांची बॅटरी लागते. म्हणजे 24 व्होल्टच्या मांडणींत 225 अँपिअर-तास. जुने पंखे ठेवले असते तर हाच आंकडा 360 च्या वर गेला असता. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागून एक जोडल्या तर व्होल्टची बेरीज होते, अँपिअर-तासांची नव्हे, हेंहि विसरूं नये. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा 85 टक्के सांठा वापरतां येतो. तेथें सुमारें 3200 वॅट-तास पुरतात. ती घेतेवेळीं महाग, पण दीर्घायुषी.

बॅटरीवरील आंकडाहि नीट वाचावा. 150 अँपिअर-तास ही शक्ति दहा तासांच्या मापानें दिली असेल तर 15 अँपिअरप्रमाणें दहा तास, असा तिचा अर्थ. तीच बॅटरी दोन तासांत उपसूं लागलें तर तितकें मिळत नाहीं. खानदेशचा उन्हाळा हा तिचा दुसरा वैरी. पत्र्याखालच्या भट्टीसारख्या खोलींत शिशाच्या बॅटरीचें आयुष्य निम्म्यानें घटूं शकतें. तिला सावलीची, हवेशीर जागा द्यावी. कारण भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. शुद्ध केलेलें पाणी वेळच्या वेळीं घालावें.

इन्व्हर्टरचें माप निराळें. दिवे, पंखे, दूरदर्शन, फोन व मिक्सर एकाच वेळीं चालले तर सुमारें 680 वॅट होतात, शक्तिगुणांक 0.8 धरल्यास 850 व्होल्ट-अँपिअर. थोडी सवड ठेवून 1000 चा इन्व्हर्टर पुरे. मोटर सुरू होतांना क्षणभर कित्येक पट विजेची ओढ लागते, तेवढी तो सोसूं शकतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप याच इन्व्हर्टरला जोडण्याचा मोह मात्र टाळावा. सुरू होतांना तो पांच-सहा पट प्रवाह मागतो. त्याला स्वतंत्र फलक द्यावे, दिवसा पाणी उपसावें व टांकींत भरावें. पाण्याचा सांठा विजेच्या सांठ्याहून केव्हांहि स्वस्त. केंद्र सरकारच्या 2019 च्या कुसुम योजनेंतील सौर पंप याच रीतीनें, बॅटरीवांचून चालतात.

फलकांचें माप सर्वांत शेवटीं काढावें. पावसाळ्यांत भर उन्हाचे चार तास धरून आणि धूळ, उष्णता व भरतांना होणारी तूट वजा करून रोजच्या 1350 साठीं सुमारें 520 वॅट लागतात. परंतु झड उघडल्यावर रिकामा हौद पुन्हां भरावयाचा असतो. म्हणून 400 वॅटचे दोन फलक असणें बरें.

हें सर्व गणित नवें वाटलें तरी त्यांतील विवेक खानदेशांत जुना आहे. पांझरेच्या कांठीं फडबागाईत आहे. बंधाऱ्याचें पाणी कालव्यानें फडांत येतें, आणि कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें शेतकरी पाणी पाहून एकत्र ठरवितात. पाणी थोडें असेल त्या वर्षीं ऊस लावण्याचा हट्ट धरला तर सर्वांचेंच पीक वाळेल, हें तेथें वेगळें सांगावें लागत नाहीं. मळ्यांतील घरालाहि हाच नियम लागू आहे. झडीच्या पहिल्याच संध्याकाळीं दूरदर्शन व मिक्सर बंद ठेवून एकच पंखा चालविला तर दोन दिवसांचा सांठा तिसऱ्या रात्रीपर्यंत पुरवितां येतो. म्हणून फलक विकत घेण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक उपकरणाचे वॅट व तास एका वहींत लिहावे, आणि झडीच्या रात्रीं कोणता दिवा शेवटपर्यंत राहावयास हवा, हें घरांतील वृद्ध माणसांना विचारून ठरवावें. ती वही हातांत घेऊन मगच दुकानाची पायरी चढावी.