पवनेचे पाणी, भिगवणचे पक्षी



महाशिवरात्र जवळ आली की आम्ही काही जण पिंपळे गुरवहून पहाटे चारला निघतो. सोलापूर रस्त्याने भिगवण, तिथून आत कुंभारगाव. उजाडताना नावेत बसायचे. हे पाणी उजनी धरणाचे. धरण १९८० साली पुरे झाले. भीमाकाठची कितीतरी गावे त्याच्या पोटात गेली. त्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्या घरांतलीच मुले आज पक्षी दाखवतात. त्यांना दुर्बीण लागत नाही.

हिवाळा सरू लागला की पाणी उतरते, गाळ उघडा पडतो आणि उथळात रोहित पक्ष्यांचे थवे उभे राहतात. लांबून नुसती पांढुरकी रेघ दिसते. नाव पुढे सरकते तसे त्या रेघेला पाय फुटतात, माना फुटतात. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करतो. चोचीतल्या चाळणीत शेवाळ, बारीक किडे अडकतात. पंखांचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. ठाण्याच्या खाडीतली गर्दी प्रामुख्याने छोट्या रोहितांची. भिगवणचा तो मोठा रोहित. २०१५ साली अभयारण्य झालेली ती खाडीही पाहावीच, पण माझा जीव भिगवणात गुंतला आहे. तिथे पट्टकदंब हंसही असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पाहुणे हिवाळा सरला की हिमालय ओलांडून परततात.

एकदा नावाड्याने विचारले, "तुम्ही कुठले?" मी पिंपळे गुरव सांगितले. तो म्हणाला, "म्हंजी आमचं पाणी तुमच्याकडूनच येतंय की!"

मी गप्प झालो. खरेच होते ते. आमची पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला. पुढे उजनी. म्हणजे आमच्या मोऱ्यांतून नदीत जाते त्यातले काही ना काही त्या पाखरांच्या चोचीपर्यंत पोचते.

काही जण म्हणतात, पक्षी एवढे येतात म्हणजे पाणी चांगलेच असणार. हे मला मुळीच पटत नाही. लाल पायांचा शेकाट्या सांडपाण्याच्या डबक्यातही सुखाने चरतो. कवड्या खंड्याचे तसे नाही. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खालचा मासा हेरतो आणि सूर मारतो. नदी सुरयही तसाच. नदीवर जलपर्णीची गोधडी पसरली, पाण्यातला प्राणवायू संपला, मासे मेले, की या दोघांनी काय करायचे? म्हणून नुसती संख्या मोजू नये. कोण आला आणि कोण येईनासा झाला, ते पाहावे.

भिगवणला जरूर जा. नाव थव्याच्या अंगावर घालायला मात्र सांगू नका; उडवलेल्या पाखराचे चरणे बुडते. आणि जाण्याआधी एक सकाळ आपल्या पवनेच्या पुलावर काढा. कोणते पक्षी दिसले, पाणी किती उघडे होते, नाला कुठे मिळतो, हे तारखेसह वहीत लिहा. मैलापाणी थेट नदीत पडताना दिसले तर महापालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.