गोव्याला उतरताय? मोपा की दाबोळी?


गोव्याचं तिकीट काढलंत? छान.
आता त्यावरचं विमानतळाचं नाव वाचा.
कारण गोव्यात विमानतळ दोन आहेत.

एक जुना, दाबोळीचा. वास्कोजवळ.
दुसरा मोपाचा. उत्तरेला, पेडणे तालुक्यात.
हा २०२३च्या जानेवारीत सुरू झाला.
त्याला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं आहे.

तिकिटावर ‘जीओआय’ असेल, तर दाबोळी.
‘जीओएक्स’ असेल, तर मोपा.

हरमल, मांद्रे, मोरजी…
हे किनारे मोपाला जवळ.
आपल्या सिंधुदुर्गातलं शिरोडा, वेंगुर्लाही तिथून सोयीचं.
बोगमाळो, कोलवा, बाणावली…
हे दाबोळीला जवळ.
पाळोळे मात्र पार दक्षिणेला, काणकोणात.
तिथं जाणाऱ्यानं मोपाला उतरणं म्हणजे
जवळजवळ अख्खा गोवा ओलांडणं!
विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं,
तरी वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

म्हणून सांगतो.
आधी किनारा ठरवा, मग विमानतळ.

बाहेर पडल्यावर घाई नको.
प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर भाडं आधीच कळतं.
पावती जपून ठेवा.
सामान थोडं असेल, तर कदंबची सरकारी बस बघा.
दोन्हीकडून मिळते, आणि खिशाला परवडते.
फक्त शेवटच्या बसची वेळ आधी विचारून घ्या.

परततानाही तेच.
टॅक्सीत बसताना नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नका.
मोपा की दाबोळी, ते स्पष्ट सांगा.