जमिनीखालच्या पाण्याची वाट



मायक्रोफ्लुइडिक्सच्या परिषदेसाठी शिरोळनगरीत आलेल्या आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. संयोजकांनी मला पाच मिनिटे दिली आहेत. आमच्या तालुक्याला ती पुरणार नाहीत, पण प्रयत्न करतो.

श्री नृसिंहसरस्वतींच्या भोजनपात्राचे हे गाव. जवळच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी. कुरुंदवाडला सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी. खिद्रापूरला कोपेश्वराचा 48 खांबांचा, माथ्यावर आभाळ मोकळे ठेवलेला स्वर्गमंडप. आपल्यापैकी बरेच जण ज्या जयसिंगपूर स्टेशनावर उतरले, ते गाव राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली वसवले.

हे सारे पाहुण्यांना दिसते. मला सांगायचे आहे ते जमिनीखालचे. पाणी मुबलक, ऊस मुबलक, आणि त्यापायी आमची हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पांढरी फटक, कुसळही उगवेना. स्वर्गीय आप्पासाहेब तथा सा. रे. पाटील यांनी उभारलेल्या श्री दत्त साखर कारखान्याने, गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने, ही जमीन सुधारण्याचे काम अंगावर घेतले. एकट्याने चर खणून भागत नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या रानातून जायचे असते. म्हणून बांधाबांधांवर भांडणारे शेतकरी एका सह्यांच्या कागदावर आणले. शेताखाली सच्छिद्र पाइप, गाळ शिरू नये म्हणून त्याला गाळणीचे कापड, पुढे मोठा पाइप आणि शेवटी ओढा. वरून दिलेल्या पाण्याबरोबर क्षार उतरतो, पाइपातून निघून जातो. त्या रानांत आज पुन्हा ऊस उभा आहे!

आता परिषदेच्या विषयाकडे वळतो. प्राध्यापकसाहेब घड्याळ दाखवत आहेत. मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे केसाइतक्या बारीक वाटा कोरलेली, बहुधा सिलिकॉन रबराची चिप, असे त्यांनी समजावले. मी म्हटले, साहेब, ही तर आमचीच पाइपलाइन! ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. हार्वर्डच्या संशोधकांनी 2010 साली अशाच चिपवर श्वासाबरोबर ताणले जाणारे फुप्फुसाचे पडदे उभे केले. आपल्या आयआयटी मुंबईत देबजानी पॉल यांच्या गटाने सिकलसेल या रक्तविकाराच्या तपासणीसाठी चिप वापरली. रक्तातला ऑक्सिजन काढला की सदोष तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर अशा तपासणीचे मोल किती, हे मी सांगायला नको.

धुळीचा एक कणही चिपमधली वाट तुंबवतो, असे कळल्यावर आमची झोप उडाली. हंगाम चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या! प्रात्यक्षिकासाठी मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली धुऊन घेतली, दाराला ओली पोती लावली. तरी धूळ आली तर क्षमा करावी. मुक्कामाच्या भक्तनिवासात गरम पाणी पहाटेच मिळेल. डास आहेत. वीज गेली तर जनरेटर आहे. तो सुरू होईपर्यंत क्षमा असावी.

मंडप देणारे, दूध देणारे, पेढे-बासुंदी धाडणारे नृसिंहवाडीचे मिठाईवाले, कृष्णाकाठची वांगी पोचवणारे शेतकरी, भाड्याचा विषयही न काढणारे कार्यालयाचे मालक, आणि नाव घेऊ नका म्हणून दटावणारे आमचे सर्वांत मोठे देणगीदार (ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत), या सर्वांचा मी ऋणी आहे.

परिषदेला सुयश चिंतितो. जेवताना वांग्याच्या भरताचा आग्रह होईल, नाही म्हणू नये. जय हिंद, जय महाराष्ट्र.